रविवारची तिऱ्हाईत

"ही बाटली, हा रुमाल आणि ही खोकल्याची गोळी. खोकली तरच द्या, उगाच नको." क्षिप्रानं पिशवी सुमतीच्या हातात दिली आणि ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "एक वाजता येते मी. तो आलाय?"

"आत बसलाय केव्हाचा."

"बरं." तिनं आत पाहिलं नाही. मुलीच्या केसांतली पिन सारखी केली, तिला आत ढकलल्यासारखं केलं आणि गेटबाहेर उभ्या असलेल्या रिक्षाकडे निघून गेली.

डोंबिवलीला रामनगरात सुमतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. तिथे एक रविवार आड सात वर्षांच्या रसिकाची आणि तिच्या वडिलांची भेट व्हायची. क्षिप्रा ठाण्याला बँकेत होती आणि नवऱ्याला सोडल्यापासून कळव्याला आईकडे राहत होती. नयन जवळच्याच भोपर गावचा. शेतं गेली, त्यांवर टॉवर उभे राहिले, आणि आता नयनचे डंपर त्याच टॉवरांना खडी पोचवत होते. वेगळे झाल्यावर पहिल्या वर्षी तो मुलीला घरी घेऊन जायचा. एकदा चुलतभावाच्या हळदीला घेऊन गेला. डीजेच्या आवाजात फोन ऐकू आला नाही, मग फोनच बंद पडला, आणि मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. क्षिप्रानं ती सबंध रात्र पोलीस चौकीच्या बाकावर काढली होती. मग ठाण्याच्या कोर्टानं सांगितलं, भेट होऊ दे, पण दोघांनाही मान्य असलेल्या त्रयस्थ व्यक्तीच्या घरी, तिच्या डोळ्यांसमोर.

अशी व्यक्ती शोधणं म्हणजे काय सोपं होतं? क्षिप्राकडच्या माणसांना नयन नको म्हणायचा, नयनकडच्यांना क्षिप्रा. शेवटी नयनच्या वकिलांनी, रवींद्र साहेबांनी, सुमतीचं नाव काढलं. त्यांची बायको सुमतीच्या भजनी मंडळात होती. क्षिप्राच्या वकिलाच्या आईला सुमती दर एकादशीला विष्णुसहस्रनाम वाचून दाखवायची. विधवा बाई, मूलबाळ नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोन्हीकडून होकार आला.

सुमतीला त्यात अवघड वाटलं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं तिनं कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. एका बाजूचा आवाज, दुसऱ्या बाजूचा आवाज, दोन्ही जोडून द्यायचे आणि आपला कान काढून घ्यायचा. कुणाला मुलगा झाला, कुणाचं माणूस गेलं, पहिलं वाक्य तिच्या कानावर पडायचं आणि दुसऱ्या वाक्याला ती तिथे नसायची. घरीही तसंच. जावांची डोहाळजेवणं, नणंदांच्या मुलांची बारशी, सगळीकडे ती असायची. पुऱ्या तळायची, पाळणा सजवायची आणि ओटी भरायची वेळ आली की दाराशी जाऊन उभी राहायची. कोणी तिला बाजूला हो म्हटलं नव्हतं. तिचं तिलाच कळायचं.

तिचे यजमान, त्र्यंबकराव, पेपर मोठ्यानं वाचणारे. एकदा कुठल्या अपघाताची बातमी वाचता वाचता म्हणाले होते, "बघ गं, रस्त्यावर नुसते उभे राहिले की बघे. कोर्टात उभे राहिले की त्रयस्थ. आणि घरात तसंच कुणी उभं राहिलं, की त्याला म्हणायचं तिऱ्हाईत." आणि मग पान उलटायचं थांबवून ते तिच्याकडे बघत राहिले होते. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नव्हती.

"आजी," रसिका आत येऊन पलंगावर चढली, "आई म्हणते, तू थर्ड पर्सन आहेस."

नयन खुर्चीच्या कडेला बसला होता. उंचापुरा माणूस, पण या घरात आला की गुडघे जवळ घेऊन बसायचा. तो हसला. "काकींना असं बोलतात काय, बाय?"

"म्हणू दे रे. बरोबरच आहे तिचं. आपण त्याला तिऱ्हाईत म्हणतो."

"म्हणजे?"

"म्हणजे बघ. आम्ही लहानपणी बहिणीबहिणी भांडायचो. आंबा एक आणि आम्ही दोघी. मग आई म्हणायची, जा, शेजारच्या काकांकडून कापून आणा. त्या काकांना आंबा नको असायचा. म्हणून ते सारखा कापायचे. ते तिऱ्हाईत."

रसिकानं विचार केला. "पण मोठी मामी ना, मामाला ओरडली तेव्हा हाच वर्ड बोलली. आजोबा ॲडमिट होते आणि मामा मोबाइल बघत होता. ती म्हणाली, तिऱ्हाईतासारखा काय बसलायस."

नयन जोरात हसला. सुमतीही हसली. "हो. तेव्हा ती शिवी होते. भांडणात तिऱ्हाईत असलेला चांगला. दुखण्यात असला की वाईट."

"मग तू कसली आहेस? भांडणातली की दुखण्यातली?"

नयनचं हसू थांबलं. सुमती उठली, म्हणाली, "मी चहातली. चहा टाकते पप्पांना," आणि स्वयंपाकघराच्या दारात अशा बेतानं उभी राहिली की गॅसही दिसावा आणि पलंगही. डोळ्यांसमोर, असं कोर्टानं म्हटलं होतं.

मागून रसिकाचा आवाज आला, "आजी, तुला खरंच काही नको असतं?"

तिनं आधण ठेवलं.

काही नको असतं, असं तिलाही पहिले दोन-तीन महिने वाटलं होतं. मग एका बुधवारी, भाजी घेता घेता, तिच्या लक्षात आलं की आपण मटार घेतोय, आणि रसिकाला मटारभात आवडतो, आणि रविवार या आठवड्यात नाही, पुढच्या आठवड्यात आहे. तरी तिनं मटार घेतले. सोलून डब्यात ठेवले.

*

नवरात्रात सुमतीचा एक नेम होता. नऊ दिवस रोज एक कुमारिका घरी बोलवायची, पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, खीरपुरी वाढायची, बांगड्या भरायच्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी हा नेम धरायला लावला होता, मूल व्हावं म्हणून. मूल झालं नाही. नेम तेवढा राहिला. त्र्यंबकराव गेल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कुणी मुद्दाम केलं नाही, आपसूक झाली. पण लहान मुलीला काय, तिला कुणाच्याही हातचं कुंकू चालतं. देवीपुढची एवढीच एक जागा सुमतीला उरली होती, आणि ती जपायला हल्ली मोठे कष्ट पडायचे. मुली मिळत नसत. कुणाचा क्लास, कुणाची परीक्षा, कुणाची आई म्हणे, "काकू, बाहेरचं दूध तिला चालत नाही हो."

त्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरची मुलगी यायची होती. साडेअकराला तिच्या आईचा फोन आला. "सॉरी काकू, हिची स्केटिंगची मॅच लांबलीय, आम्ही अजून ठाण्यातच आहोत. उद्या चालेल का?"

उद्याची उद्या होती. आजची माळ आजच.

सुमतीनं फोन ठेवला. पाट मांडलेला होता. पाटाभोवती रांगोळी होती. खीर गार होत होती. बाहेरच्या खोलीत नयन आणि रसिका पत्ते खेळत होते आणि रसिका ओरडत होती, "चीटिंग! पप्पा, तुम्ही बघितलं माझं पान!"

तिच्या मनात आलं नाही असं नाही. क्षिप्राला फोन करावा, विचारावं, हेही मनात आलं. पण देवीच्या कामाला परवानगी कसली मागायची, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर, क्षिप्रा नको म्हणेल ही भीती वाटली. तिनं दाराशी जाऊन हाक मारली, "रसिका, आज माझी देवी होशील का गं?"

"म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. पाटावर बसायचं आणि खीर खायची."

रसिका पत्ते टाकून धावत आली आणि पाटावर मांडी घालून बसली. सुमतीनं तिचे पाय परातीत घ्यायला लावले. गुडघे धरलेले, हातात तांब्या धरून वाकणं जमेना. एरवी मुलीची आई असायची, पाणी घालायला. तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"नयन, जरा पाणी घालतोस का रे?"

तो दारातच उभा राहिला. "मी? मना... मला चालेल काय काकी? मी मच्छी खाल्लीय काल."

"देवीचे पाय आहेत, तुझ्या मुलीचेच. ये."

त्यानं बाह्या वर केल्या आणि परातीपाशी बसला. तांब्याची धार धरली. सुमतीनं पावलं चोळली. रसिका गुदगुल्यांनी खिदळत होती, "आजी, नको ना, पप्पा, तिला सांगा ना!" तिच्या डाव्या घोट्यावर सायकलवरून पडल्याची खूण होती. नयनला ती माहीत नव्हती. त्याच्या हातातली धार थांबली.

"हे कधी लागलं, बाय?"

"ते जुनं आहे. तेव्हा आई होती."

पाय पुसले. हळदकुंकू लावलं. गजरा माळला, हिरव्या बांगड्या भरल्या. निरांजन ओवाळून सुमतीनं नमस्कार केला आणि दरवर्षीच्या सवयीनं, बाजूला जे कोणी असेल त्याला म्हणायचं तसं म्हणाली, "नमस्कार कर."

नयन वाकला. डोकं त्या दोन पावलांवर टेकलं आणि ते वर येईना. आधी वाटलं, काहीतरी पुटपुटतोय. मग त्याचे खांदे हलायला लागले. रसिकाचं खिदळणं थांबलं. तिनं आधी त्याच्या केसांवर हात ठेवला, मग घाबरून काढून घेतला आणि सुमतीकडे पाहिलं.

नवरात्र म्हणून दार उघडं होतं. एक वाजायला अजून अवकाश होता. क्षिप्रा लवकर आली होती.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. आवाज न चढवता म्हणाली, "रसिका, चप्पल घाल."

"आई, पप्पांनी माझे पाय धुतले. मी देवी आहे."

"चप्पल घाल."

"क्षिप्रा, अगं, खीर तरी—"

"काकू, प्लीज." ती दारातून आत आली, पहिल्यांदाच. "तुमच्यावर माझा विश्वास होता. माझ्या आईवर नाही ठेवला मी एवढा. का, तर तुम्ही कुणाच्याच नव्हतात. आज घरी गेल्यावर ही मला विचारणार, पप्पा का रडत होते. रात्री विचारणार, उद्या शाळेत जाताना विचारणार. त्याचं उत्तर तुम्ही देणार आहात, की हा देणार आहे? मी द्यायचंय ते."

नयन उठून भिंतीकडे तोंड करून उभा होता. "क्षिप्रा, काकींची काय चूक नाय. मला सहन नाय झालं."

"तुला कधी काय सहन झालंय?"

रसिका दाराशी चपलेचा पट्टा लावत होती. तो तिला लागत नव्हता. कुणीच वाकलं नाही. अखेर ती तशीच, पट्टा ओढत, आईबरोबर गेली. गेटपाशी बांगड्या वाजल्याचं सुमतीला ऐकू आलं.

सुमतीला एकच वाटलं, आणि ते तिला फार लागलं: ही बरोबर बोलतेय.

*

दिवाळीनंतर कोर्टात बोलावणं आलं. समुपदेशक बाई सुमतीशी बोलणार, मग अहवाल देणार, आणि त्यावर भेटी तिच्याकडे चालू ठेवायच्या की नाही ते ठरणार, असं होतं. कोर्टाबाहेरच्या टपरीवर रवींद्र वकील चहाचा ग्लास धरून तिला समजावत होते.

"काकू, काही मोठं नाही. एवढंच सांगायचं. मुलगी हट्टाला पेटली, तुम्ही बाजूला होतात. तुम्ही बोलावलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. बास."

"पण मीच बोलावलं."

"हो, ते मला माहितीये. मॅडमना माहीत असायची गरज नाही. तुम्ही तटस्थ होतात, एवढंच त्यांना हवंय. तसं असलं तर भेटी तुमच्याकडे. नाहीतर इथे, कोर्टातल्या खोलीत, महिन्यातून एकदा तासभर. पोरगी तिथे बावरते हो. एकदा आली की परत यायला तयार होत नाही. मी पाहिलंय."

नयन बाजूला उभा होता. नवीन शर्ट घालून आला होता. सुमती जायला निघाली तेव्हा तिच्या मागोमाग चार पावलं आला. "काकी, तुमच्यावर जोर नाय. पण तुम्ही बोलला ना, बाजूला होते, तर... माझ्या आयेनं पण देवाला नारळ बोललाय." मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही होतेच ना तशा बाजूला."

समुपदेशक उत्तरा मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, दमलेल्या चेहऱ्याच्या. त्यांनी सुमतीला पाणी दिलं, पंखा वाढवला.

"आजी, घाबरू नका. मला फक्त एवढंच सांगा, त्या दिवशी त्या मुलीला पाटावर बसायला कुणी सांगितलं?"

एक्स्चेंजमध्ये कुणी विचारलं, तुम्ही ऐकलंत का, तर नाही म्हणायचं असायचं. ती किती सहज नाही म्हणायची.

"मी सांगितलं."

"वडिलांना पाणी घालायला?"

"मीच."

"आईला विचारलं होतं?"

"नाही. नको म्हणाली असती."

उत्तरा मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, तुमचं नाव दोघांनीही का दिलं, ते तुम्हांला ठाऊक आहे ना? तुमचं त्यात काही नाही म्हणून. तसंच होतं ना? तुम्हांला यातलं काहीच नको होतं?"

पंख्याचा आवाज येत होता. बाहेर कुणीतरी कुणाला तरी नावानं हाक मारत होतं.

"होतं," सुमती म्हणाली. "मला ती हवी होती. रविवारची."

मॅडमनी टेबलावरून हात पुढे करून सुमतीच्या हातावर ठेवला आणि हळूच म्हटलं, "मला हे लिहावं लागेल हं, आजी."

"लिहा. खरं आहे."

बाहेर आल्यावर तिला नयनला काही सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिच्यासाठी रिक्षा थांबवली, ती बसल्यावर तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून आत सारला, आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "आरामात ने. खड्ड्यात आपटू नको."

*

भेटी कोर्टाच्या खोलीत सुरू झाल्या. सुरू झाल्या म्हणजे एकदा झाली. नयननं फोनवर सांगितलं, "भिंतीवर ससे काढलेत काकी, चांगली आहे खोली. पण ती आईचा ड्रेस सोडतच नव्हती. मी हात केला तर मागं गेली. मला बोलली, तुम्ही रडणार का परत?" पुढच्या महिन्यात रसिकाचं पोट दुखलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही दुखलं. नंतर एकदा तो म्हणाला, "मी जातो, बसतो, येतो. वॉचमन पण आता ओळखतो." मग फोन येईनासे झाले. सुमतीनं दोनदा करून पाहिला. घंटा वाजली, पण कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा तिनं केला नाही.

जप चालू होता. एकादश्या, चतुर्थ्या चालू होत्या. फक्त माळ ओढता ओढता मधेच हात थांबायचा, आणि कुठल्या मण्यापाशी होतो ते तिला आठवायचं नाही, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. देवाकडे काय मागायचं, तेही कळेनासं झालं होतं. त्या पोरीला बाप मिळू दे म्हणावं, तर आईची ती चौकीतली रात्र आठवायची. आईला शांतता दे म्हणावं, तर परातीवर वाकलेला तो माणूस. शेवटी ती काहीच मागायची नाही. हात जोडून नुसती बसायची.

दोन वर्षांनी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ती ठाण्याला कोपिनेश्वराच्या दर्शनाला गेली. रांग देवळाबाहेर पार लांब गेली होती. हातात बेलाची पानं, दुधाची पिशवी. पुढे एक जाड भिंगांचा चष्मा घातलेल्या बाई होत्या, त्या सारख्या बोलत होत्या, मुलगा कुठे, सून कशी. सुमती हं हं करत होती. त्या बाईंच्या पुढे, एक कुटुंब सोडून, एक मुलगी होती. उंच झाली होती. केस कापले होते. आईचा हात धरून उभी होती आणि आई फोनवर बोलत होती, "हो मॅडम, हाफ डे टाकलाय, दोनपर्यंत पोचते ब्रँचला."

मुलीनं मागे वळून पाहिलं. परत पुढे पाहिलं. परत वळली. तिच्या कपाळावर आठी पडली, एखादा शब्द आठवतोय आणि तोंडात येत नाही तशी.

सुमतीनं नजर बेलाच्या पानांवर आणली. एक पान कीड लागलेलं होतं. ते तिनं बाजूला काढलं.

"तुमची नात का हो?" चष्म्याच्या बाईंनी विचारलं, मोठ्यानं. "केव्हाची तुमच्याकडेच बघत्येय बघा."

मुलगी ऐकत होती. तोंड अर्धवट उघडं होतं. आईचा फोन अजून चालू होता, तिचं मागे लक्ष नव्हतं. या पोरीनं आता आजी म्हटलं तर आई वळेल, आणि मग सगळं पहिल्यापासून: पाट, परात, पप्पा का रडत होते.

"नाही हो," सुमती म्हणाली. "मी कुठली? मुलं बघतात अशी कुणाकडेही."

"पण ओळखीची वाटते तिला."

"नाही. मी नाही ओळखत."

मुलगी आणखी क्षणभर बघत राहिली. मग तिची आठी मोडली, आणि ती पुढे वळून आईच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

रांग सरकली. सुमती एका बाजूला झाली, खांबाला टेकून उभी राहिली. मागून लेकरू कडेवर घेतलेली एक बाई आली.

"काय झालं आजी, चक्कर येतेय का?"

"नाही गं. तू हो पुढे," सुमती म्हणाली. "तुझ्यापाशी बाळ आहे."

तिच्या मागे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनाही तिनं हातानं पुढे जा म्हटलं. मग दोन कॉलेजच्या मुली. मग आणखी कुणी.